रंगापुरता डोस

त्या घरात सकाळची पहिली बातमी लघवीची असायची.

ताई प्लास्टिकचं पांढरं भांडं दोन्ही हातांत धरून मोरीच्या दारात येऊन उभी राहायची. धाकटी बहीण कामाला निघायच्या घाईत एक चप्पल घालून दुसरी शोधत असली तरी तिला थांबवून ते भांडं दाखवायची. आत पिवळंजर्द. साधं पिवळं नव्हे, शाळेतल्या रंगाच्या डबीत ब्रश बुचकळल्यावर पाणी होतं तसं, डोळ्यांवर येणारं.

"बघ, आज रंग कालच्यापेक्षा चढलाय," ताई म्हणायची.

धाकटी मान हलवायची. आपण तिला मावशीच म्हणू, कारण या गोष्टीत तिचं तेवढंच नातं कामाचं आहे. मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ती ज्या मुलीची मावशी, ती भिंगरी, ताईची लेक. भांड्यातलं तिचंच. सात वर्षांची. चालायला लागल्यापासून तिचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून हे नाव पडलं, आणि आता ते घेताना घरातल्या प्रत्येकाची जीभ अडखळायची. आधी तिचे कान गेले. शाळेतून तक्रार आली की मुलगी लक्ष देत नाही, हट्टी आहे. पहिल्या डॉक्टरलाही ती हट्टीच वाटली. मग वेणी घालताना तिचे हात डोक्यापर्यंत जाईनात. मग घास घशात रेंगाळायला लागला. मग झोपेत श्वास उथळ पडायला लागला, आणि नाकातोंडावर मुखवटा लावून हवा आत ढकलणारं यंत्र घरी आलं. एवढं सगळं होईपर्यंत ज्यांनी ज्यांनी तिला तपासलं, त्यांतल्या एकाही शहाण्याने 'मला कळत नाही' एवढं साधं वाक्य उच्चारलं नाही. ते म्हटलं असतं तर निदान वेळ वाचला असता.

शेवटी रक्ताच्या जनुक-तपासणीतून कळलं ते असं. ब गटातलं दुसरं जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन. दुधात असतं, अंड्यात असतं, औषधाच्या दुकानात चहाच्या भावात मिळतं. पेशी त्याच्यापासून दोन अवजारं घडवते आणि त्या अवजारांशिवाय तिच्या आतली भट्टी पेटत नाही. खाल्लेलं अन्न पडून राहतं, ताकद होत नाही. सगळ्यांत हावरट भट्टी मज्जातंतूंची, म्हणून आधी ती विझते. हे जीवनसत्त्व पेशीत आपोआप शिरत नाही, त्याला एक दार लागतं. भिंगरीचं ते दार जन्मापासून बिघडलेलं होतं.

हे तिच्या बापाला सगळ्यांत आधी समजलं, कारण तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "म्हणजे माल खाली येऊन पडलाय, माणसं वर वाट बघतायत, आणि दार उघडत नाही," तो म्हणाला होता. "आमच्या धंद्यात असं झालं की आम्ही पहार घालतो. तुमच्याकडे पहार नाही का, मेहुणीबाई?"

पहार होती. निदान असावी असा अंदाज होता. दार बिघडलेलं असलं तरी बाहेर इतकी गर्दी करायची, इतकं रायबोफ्लेविन लोटायचं, की फटीतून थोडं तरी आत घुसेल. काही प्रकारच्या दारांवर हे चाललं होतं. मुलं उठून बसली होती, एक-दोन तर चालली होती. भिंगरीच्या दाराचा प्रकार वेगळा होता. त्यावर चालतं की नाही, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधण्यासाठीच चाचणी सुरू झाली होती, आणि ती ज्या प्रयोगशाळेत चालू होती तिथे मावशी नोकरीला होती.

मावशीचं काम रक्त मोजायचं. खिडकी नसलेल्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, कारण रायबोफ्लेविनला उजेड सोसत नाही. उजेडात ठेवलं की ते मोडून जातं आणि मग जे मोजतो ते खोटं. नळ्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला, कागदावर नुसता आकडा. कोणाचं रक्त, कुठल्या मुलाचं, काही कळायची सोय नव्हती. दिवसभर त्या तांबड्या खोलीत बसून ती बाहेर आली की तिला जग हिरवट दिसायचं, आणि भिंगरीला त्याची फार गंमत वाटायची. एकदा ती मावशीसोबत तिथे गेली होती. तेव्हापासून तिने मावशीसाठी हाताची खूण ठरवली होती. मूठ धरायची आणि अंगठा वरून दाबायचा, मावशी थेंब मोजायची नळी दाबते तसा. कान गेल्यावर ही खूणच मावशीचं नाव झाली.

आता चाचणीबद्दल. "सगळ्यांना औषध मिळणार आहे," असं पालकांना सांगितलं गेलं. ऐकायला किती छान. निम्म्या मुलांना मोठा डोस, निम्म्यांना लहान. सहा महिन्यांनी सगळ्यांना मोठा. कोणाला कुठला, हे पालकांना माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मावशीला नाही. इथपर्यंत सगळं सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं ते हे, की लहान डोस औषध म्हणून नव्हताच. रायबोफ्लेविन पोटात गेलं की काही तासांत लघवी पिवळी होते. नुसती साखरेची पुडी दिली असती तर आया पहिल्याच सकाळी ओळखून बसल्या असत्या. म्हणून त्या पुडीत चिमूटभर खरं घातलं होतं, रंगापुरतं. मोठा डोस घेणारं मूल आणि रंगापुरता घेणारं मूल, दोघांची सकाळ सारखीच पिवळी. डोळ्यांनी फरक कळत नाही. एवढी बारीक गोष्ट पालकांना सांगायची गरज नाही, असं समितीचं मत पडलं होतं. समितीतल्या कोणाच्या मोरीत ते पांढरं भांडं नव्हतं.

आणि तरी ती माणसं बदमाश नव्हती, हीच खरी पंचाईत. प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांना सगळे मॅडम म्हणत. मावशीने भिंगरीला चाचणीत घ्या म्हणून त्यांच्या टेबलापाशी उभं राहून हात जोडले होते, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. नोकरीतल्या माणसाचं मूल घेणं बरोबर नाही. घेते, कारण असली मुलंच मोजकी आहेत. पण घरी काही तपासायचं नाही, काही सुचवायचं नाही, बाहेरची एक गोळी द्यायची नाही. एकाही मुलाने वरून काही घेतलं की आकडे बिघडणार, आणि आकडे बिघडले की पुढच्या मुलांना आपण काय सांगणार? मावशीने शब्द दिला. शब्द मोडला तर भिंगरी बाहेर, आणि तिच्याबरोबर ते श्वासाचं यंत्र आणि आठवड्यातून दोनदा घरी येणारी नर्सही बाहेर, कारण यंत्राचं भाडं आणि नर्सचा पगार आता चाचणीच भरत होती.

म्हणून मावशी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. भांड्यातले चार थेंब नळीत घालून कामावर नेले असते तर चहा गार व्हायच्या आत तिला कळलं असतं, मोठा की रंगापुरता. तिने नेले नाहीत. ताई रंग दाखवायची आणि ही नजर चुकवून दुसरी चप्पल शोधत राहायची.

कारण ताई त्या रंगावर जगत होती. दुसरं काही नव्हतंच तिच्याकडे. मुलगी बरी होतेय का, हे दिवसभर तिच्याकडे बघून कळत नव्हतं. आज पेला धरला, उद्या सुटला. पण रंग दिसत होता. रंग म्हणजे खरं औषध, हे तिने कोणी न सांगता ठरवलं होतं. शेजारणीला सांगितलं, फोनवर सासूला सांगितलं. लिफ्टवाल्या नवऱ्याला तर इतक्या वेळा सांगितलं की तो म्हणाला, आता मीही एक पुडी घेतो, निदान माझ्याकडे बघून तरी कोणी खूश होईल.

मग रंग आणखी चढायला लागला. पिवळ्याचा नारिंगी झाला. ताईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त दिसलं.

मावशीला त्याचं कारण कळलं एका सुट्टीच्या दुपारी. ताई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. भिंगरी खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. तिने मूठ धरून अंगठा दाबला. मावशी जवळ आली. मग भिंगरीने तोच अंगठा ओठांना लावला. पाणी. मावशीने पेला भरला, पाण्यात घट्टपणा आणायची पावडर ढवळली, कारण पातळ पाण्याने तिला ठसका लागायचा, आणि चमच्याने पाजायला घेतलं. भिंगरी चमचा सोडेना. दातांनी धरून ठेवला. ओठांच्या कडांना पांढरी खपली धरली होती. पेला संपला तसा तिने पुन्हा अंगठा ओठांना लावला, आणि मग दाराकडे बघून घाईघाईने हात खाली घेतला.

ते घाईघाईने हात खाली घेणं बघून मावशीच्या जिवाचं पाणी झालं.

ताई रिकामी बादली घेऊन खाली आली तेव्हा मावशीने विचारलं, हिला पाणी किती देतेस? ताई अजिबात लपवाछपवी न करता बोलली. जरा बेताने देते. जास्त पाणी दिलं की रंग फिका पडतो. औषध पातळ होतं, वाहून जातं. तिने स्वतः पारखून बघितलं होतं, पाणी कमी तेव्हा रंग गडद, दर वेळी. त्यात तिला कुठे खोट दिसेना. खोट नव्हतीच. चाचणीवाले ज्या पद्धतीने जग पारखतात त्याच पद्धतीने तिने पारखलं होतं, फक्त काय पारखायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, रंगाचा काही संबंध नाही," मावशी म्हणाली. "जे भांड्यात दिसतं ते अंगात न मुरलेलं. अंगाने टाकून दिलेलं. लहान डोसानेही असाच रंग येतो. मुद्दाम तसं केलंय, कोणाला कळू नये म्हणून."

शब्द मोडला होता. तिला वाटलं होतं की तो मोडताना काहीतरी होईल. काही झालं नाही. ताईने बादली खाली ठेवली.

"तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी रोज सकाळी येडीसारखी ते भांडं घेऊन तुझ्यासमोर उभी राहत होते."

ताई आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने पेला भरला, पावडर ढवळली, आणि भिंगरीसमोर बसून एकेक चमचा पाजत राहिली, भिंगरीने मान फिरवली तरी.

दोन दिवसांत भिंगरीला ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरने सांगितलं, फुप्फुसात संसर्ग आहे. पाणी कमी पडल्याने कफ घट्ट झाला का? असेल. गिळताना काही श्वासनळीत गेलं असेल का? तेही असेल. अशा मुलांना हे कधीतरी होतंच. त्या 'कधीतरी होतंच'वर ताईने मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केली नाही. तिला कोणी दोष दिला नाही. दोष देण्याइतकंही कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

लिफ्टवाला कामावरून तसाच आला, हात ग्रीसने माखलेले. आत सोडायच्या आधी नर्सने त्याला हात धुवायला लावले. तो बेसिनपाशी बराच वेळ हात चोळत उभा राहिला. ग्रीस असं साबणाने जात नाही, हे त्याला ठाऊक होतं, तरी चोळत राहिला.

मावशी तडक मॅडमकडे गेली. मॅडमची खोली त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, टेबलावर एक कुंडी आणि रिकामे कप. तिने आधी सांगून टाकलं की मी घरी बोलले. मॅडम म्हणाल्या, ते नंतर बघू. मग तिने मागितलं. भिंगरीला कुठला डोस होता, ते उघडा. तशी सोय असते, तिला माहीत होतं. एखादं मूल अत्यवस्थ झालं तर तेवढ्या एका मुलापुरतं उघडता येतं.

मॅडमनी चष्मा काढला. त्या दमलेल्या दिसत होत्या. "उघडता येतं, पण कळून उपचार बदलणार असेल तरच. लहान निघाला तर आजपासून मोठा सुरू करू, आणि आशा ठेवायला जागा राहील. मोठा निघाला तर?"

मावशी खुर्ची ओढून बसली.

"मोठा निघाला तर माझ्याकडे पुढचं काही नाही. त्याहून जास्त दिलं तर आतडं घेत नाही. शिरेतून दिलं तर रक्तात वाढेल, पण तिच्या रक्तात कमी नव्हतंच, दार पेशीचं बंद आहे. हे ऐकायची तयारी आहे का तुझी?"

तेव्हा मावशीला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. ती देवाकडे काही मागणारी बाई नव्हती, पण त्या खुर्चीत बसून ती मागत होती. लहान निघू दे. भिंगरीला फसवलेलं असू दे. इतके महिने ती रंगापुरतं पीत असू दे. पांढऱ्या भांड्यातलं ते सगळं ढोंग असू दे. ज्या लबाडीवर तिने मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती, त्याच लबाडीवर आता तिचा सगळा भरवसा होता.

"उघडा," ती म्हणाली.

मॅडमनी दोन फोन केले. एका फोनवर त्यांना थांबावं लागलं, तेव्हा त्यांनी कुंडीतलं वाळलेलं पान खुडून कपात टाकलं. मग त्यांनी भिंगरीचा आकडा सांगितला, ऐकलं, पलीकडच्याला पुन्हा एकदा बघायला लावलं, आणि फोन ठेवला.

"मोठा," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून मोठा."

मग मॅडम म्हणाल्या की नोकरीचं मनात आणू नकोस, मी सांभाळून घेते. म्हणाल्या की प्रतिजैविकांनी छाती सुटेल, या वेळी तरी. म्हणाल्या की यातून निदान एवढं कळतंय की या प्रकारच्या दारावर बहुतेक चालत नाही, आणि हेही कोणाच्या तरी कामी येईल. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. ते खरं होतं, म्हणून तर आणखीच नको होतं. मावशीला टेबलावरची कुंडी भिंतीवर फेकावीशी वाटली. तिने ती फेकली नाही. ती थँक्यू मॅडम म्हणाली. आपल्यासारखी माणसं अशा वेळी थँक्यूच म्हणतात. लहानपणापासून तेवढंच शिकवलेलं असतं.

खाली वॉर्डाबाहेर बाकावर ताई आणि लिफ्टवाला बसले होते. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली. मावशी आली तशी ताई उठली. तीन दिवसांत ती मावशीशी एक अक्षर बोलली नव्हती. आता तिने मावशीचा दंड धरला.

"कुठला होता?"

मावशीने वाटेत जिना उतरताना चार-पाच उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही ओठांवर आलं नाही.

"मोठा."

"म्हणजे खरा?"

"खरा. पहिल्या दिवसापासून."

ताईने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं तिचं अंग सैल पडलं, आणि ती भिंतीला टेकली. "म्हणजे मिळत होतं तिला," ती म्हणाली. "मिळत होतं. मी उगाच…" मग ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत का? खरंच औषध मिळत होतं तिला. मला वाटलंच होतं. आईला कळतं हो."

लिफ्टवाला हसला नाही. तो मावशीकडे बघत होता. त्याने आयुष्यभर बंद पडलेली दारं पाहिली होती. पहार घातल्यावरही जे दार हलत नाही त्याच्यापुढे उभं राहिलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. मावशीने त्याची नजर चुकवली. त्याने मान खाली घातली आणि बोटांच्या पेरांतला काळा ग्रीस नखाने खरवडत बसला.

"मग आता हा ताप उतरला की," ताई म्हणत होती, "मोठा डोस चालूच ठेवतील ना? बंद तर नाही ना करणार? तू सांग त्यांना, पाण्याचं मी बघते. डोळ्यांत तेल घालून बघते. तास-तासाला देते."

"चालू ठेवतील," मावशी म्हणाली.

हेही खोटं नव्हतं. मॅडमनी तसं म्हटलं होतं. अपाय काही नाही, चालू ठेवायला हरकत नाही.

आतून नर्सने हाक मारली की एकालाच आत सोडते. ताईने पदराने तोंड पुसलं, केस नीट केले, एखाद्या चांगल्या बातमीला सामोरी जावी तशी आत गेली. काचेच्या दारातून मावशीला दिसलं, भिंगरीच्या तोंडावर मुखवटा होता, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. डोळे उघडे होते. ताई तिच्यावर वाकून हातवारे करून तिला काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते मावशीला इतक्या लांबूनही वाचता येत होतं. औषध. मोठं. खरं. पुन्हा पुन्हा तेच तीन शब्द, आणि मुलगी आईच्या हातांकडे टक लावून बघत होती, समजून घेत होती.